निरोधन, लेसर चालक मंडलाचे

अर्धसंवाहक लेसर द्विप्रस्थाला, म्हणजेच लेसर डायोडाला, ठराविक मर्यादेत राखलेला विद्युत् प्रवाह पुरविणाऱ्या मंडलास चालक मंडल म्हणतात. हे मंडल बहुधा नाण्याएवढ्या मुद्रित फलकावर रचलेले असते व प्रयोग करणारे त्यास ‘ड्रायव्हर बोर्ड’ असे संबोधतात. हा फलक, डायोड व विद्युत् घट धातूच्या एकाच आवरणात बसविताना वेगवेगळ्या विद्युत् दाबांवर असलेल्या भागांचा परस्परांशी नको तेथे संपर्क येऊ नये, म्हणजेच मंडल संक्षेप किंवा व्यवहारातील ‘शॉर्ट सर्किट’ होऊ नये, यासाठी जी योजना करतात ती चालक मंडलाचे निरोधन होय. घरगुती साधनांनी लेसर तयार करणाऱ्या हौशी प्रयोगकर्त्यांचे डायोड निकामी होण्याच्या प्रमुख कारणांत निरोधनातील दोष हे एक आहे. या प्रश्नाचे मूळ डायोडापेक्षा बरेच जुने आहे. विजेला अडविणारे बहुतेक पदार्थ उष्णतेलाही अडवितात आणि उष्णता वाहून नेणारे बहुतेक पदार्थ वीजही वाहून नेतात, ही त्यातील मूळ अडचण आहे. तिच्यावर वेळोवेळी शोधून काढलेले उपायच थोड्या फरकाने या लहानशा आवरणात आज वापरले जातात.

कल्पनेचा उगम : काही पदार्थांतून वीज वाहते व काहींतून वाहत नाही, हा भेद प्रयोगाने प्रथम स्पष्ट झाला तो १७२९ मध्ये. इंग्रज संशोधक स्टीव्हन ग्रे व त्यांचे मित्र ग्रॅनव्हिल व्हीलर हे केंट परगण्यातील ऑटरडेन येथे सुतळीतून वीज किती दूर नेता येते हे पाहत होते. सुतळी आडवी टांगण्यासाठी त्यांनी रेशमाचे धागे वापरले. धागा बारीक असल्याने त्यातून वीज निसटणार नाही, अशी त्यांची समजूत होती. सुतळीच्या भाराने रेशमाचे धागे तुटले, तेव्हा त्यांच्या जागी पितळेची बारीक तार लावण्यात आली. तार बारीक असूनही सुतळीच्या टोकाशी विद्युत् परिणाम दिसेनासा झाला. यावरून आधाराची जाडी महत्त्वाची नसून तो कोणत्या द्रव्याचा आहे हे महत्त्वाचे आहे, असा निष्कर्ष निघाला. निरोधनाच्या इतिहासातील हा पहिला धडा होय. यांत्रिक आधार देणारा भाग हा विद्युत् मार्गही असू शकतो. चालक फलक धातूच्या आवरणात टेकविताना नेमकी हीच गोष्ट नजरेआड होते.

गाभ्याचे निरोधन व तारेचे निरोधन : इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जन यांनी १८२५ मध्ये दाखविलेल्या विद्युत् चुंबकात नालाच्या आकाराच्या लोखंडी गाभ्यावर रोगण दिलेले होते व त्यावर उघडी तांब्याची तार गुंडाळलेली होती. तारेचे वेढे एकमेकांना लागू नयेत म्हणून ते विरळ ठेवणे भाग होते व त्यामुळे चुंबकाचे सामर्थ्य मर्यादित राहिले. अमेरिकेतील ऑल्बानी येथे जोसेफ हेन्री यांनी याच्या उलट मार्ग पत्करला. त्यांनी गाभ्याऐवजी तारेलाच रेशमाचे वेष्टन दिले. त्यामुळे वेढे जवळजवळ व थरांवर थर असे देता आले. त्यांनी येल महाविद्यालयासाठी १८३१ मध्ये तयार केलेल्या चुंबकाने २,००० पौंडांपेक्षा अधिक वजन उचलले. निरोधनाचे दोन मार्ग येथे प्रथम शेजारीशेजारी दिसतात : ज्यावर संवाहक बसवावयाचा ते शरीर निरोधित करणे किंवा स्वतः संवाहकच निरोधित करणे. पहिल्या मार्गात शरीरावरील थराला एका जागी ओरखडा पडला तरी दोष उत्पन्न होतो. दुसऱ्या मार्गात प्रत्येक तार स्वतंत्रपणे सुरक्षित असते. लेसराच्या रचनेतही ही निवड करावी लागते.

सागरी केबली व चाचणीचे तत्त्व : मलायातील एका वृक्षाच्या चिकापासून मिळणारा गटापर्चा १८४३ मध्ये विल्यम माँटगोमेरी या शल्यचिकित्सकांनी लंडनला पाठविला. पाण्याखाली टिकणारे वेष्टन म्हणून त्याची उपयुक्तता लवकरच ध्यानात आली. व्हेर्नर फोन झीमेन्स यांनी १८४७ मध्ये तारेवर गटापर्चाचे सलग वेष्टन चढविण्याची युक्ती काढली. डोव्हर व कॅले यांमधील केबल १८५१ मध्ये कार्यान्वित झाली. अटलांटिक महासागरातून १८५८ मध्ये टाकलेली केबल मात्र सु. तीन आठवड्यांतच निकामी झाली. काही ठिकाणी तार वेष्टनाच्या मध्यभागी न राहता एका बाजूस सरकलेली होती व तेथे गटापर्चाचा थर पातळ झाला होता. त्यातच वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी संदेश जलद जावेत म्हणून सु. २,००० व्होल्टपर्यंतचा दाब लावला. पुढे नेमलेल्या चौकशी समितीच्या कामामुळे केबलीच्या प्रत्येक तुकड्याची निर्मितीच्या वेळीच विद्युत् चाचणी घेण्याची पद्धत रूढ झाली आणि १८६६ मध्ये अटलांटिक केबल कायमची सुरू झाली. समुद्राच्या तळाशी गेलेली केबल जशी पुन्हा तपासता येत नाही, तसाच उष्णतावाहक लुकणाने कायमचा चिकटविलेला फलकही तपासता येत नाही. चाचणी आधी व बंदिस्ती नंतर, हा क्रम तेव्हापासून निरोधनशास्त्राचा नियम ठरला.

अभ्रक व शक्ती ट्रँझिस्टर : चिनी माती, काच, रबर व १९०७ मध्ये लिओ हेंड्रिक बेकलंड यांनी शोधलेले बेकेलाइट हे पदार्थ विद्युत् उद्योगात स्थिरावले, तरी उष्णता व वीज यांच्यातील विरोध त्यांनी मिटला नाही. या बाबतीत अभ्रकाचे गुण वेगळे आहेत. त्याचे मिलिमीटरच्या वीसाव्या भागाइतके पातळ पापुद्रे काढता येतात, ते हजारो व्होल्टचा दाब सहन करतात व तापल्याने खराब होत नाहीत. विसाव्या शतकात दीर्घकाळ जगाला पत्री अभ्रकाचा मोठा पुरवठा भारतातून होत असे. आताच्या झारखंड राज्यातील कोडर्मा व आंध्र प्रदेशातील नेल्लोर ही त्याची प्रसिद्ध क्षेत्रे होत [→ अभ्रक].

बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्ये ट्रँझिस्टराचा शोध लागल्यानंतर काही वर्षांतच मोठी शक्ती हाताळणारे ट्रँझिस्टर प्रचारात आले. त्यांत उष्णता जेथे निर्माण होते तो संग्राहक भाग धातूच्या कवचालाच जोडलेला असतो. उष्णता बाहेर जाण्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे, पण त्यामुळे कवच हे विद्युत् अग्र बनते. असा ट्रँझिस्टर यंत्राच्या ॲल्युमिनियमी सांगाड्यावर थेट घट्ट केला, तर सांगाडाही त्याच दाबावर येतो. म्हणून मध्ये अभ्रकाची चकती, तिच्या दोन्ही बाजूंस सिलिकोनाचे वंगण आणि स्क्रूभोवती निरोधक बुश अशी मांडणी रूढ झाली. यातील बुश महत्त्वाचा आहे, कारण चकती कितीही निर्दोष असली तरी उघडा स्क्रू तिला वळसा घालून कवच व सांगाडा यांना जोडतो. दुरुस्ती करणाऱ्यांना आढळणाऱ्या संक्षेपांपैकी पुष्कळसे असे स्क्रूवाटे झालेले असतात. पाउल आइस्लर यांनी १९४० च्या सुमारास विकसित केलेल्या मुद्रित मंडलामुळे सुट्या तारांचे जंजाळ कमी झाले. मात्र फलकाच्या पाठीवर डाखाचे उघडे ठिपके व कडेपर्यंत आलेले तांबे हे संपर्काचे नवे बिंदू निर्माण झाले.

लेसर डायोडाचा उदय : थीओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणकाचा पहिला लेसर चालविला. अर्धसंवाहक लेसर १९६२ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट हॉल व इतर काही गटांनी जवळजवळ एकाच सुमारास तयार केले. ते द्रवरूप नायट्रोजनाने थंड ठेवून क्षणिक स्पंदांनीच चालवावे लागत, कारण त्यांत निर्माण होणारी उष्णता बाहेर काढणे शक्य होत नव्हते. डिमेंट व डासारो यांनी १९६७ मध्ये डायोड हिऱ्याच्या बैठकीवर बसवून २०० केल्व्हिन (सु. –७३° से.) तापमानास अखंड चालविला. हिरा तांब्याहून कित्येक पट चांगला उष्णतावाहक असून विजेचा मात्र निरोधक आहे. वर सांगितलेल्या विरोधास असलेला हा दुर्मिळ अपवाद होय. लेनिनग्राड येथे झॉरेस अल्फेरॉव्ह यांचा गट आणि बेल प्रयोगशाळेत इझूओ हायाशी व मॉर्टन पॅनिश यांनी १९७० मध्ये निराळ्या थरांची रचना वापरून नेहमीच्या तापमानास अखंड चालणारा डायोड सिद्ध केला [→ लेसर].

पुढील प्रसार ध्वनी व चित्रांच्या तबकड्यांमुळे झाला. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचे अवरक्त, तर १९९६ मध्ये आलेल्या डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचे तांबडे डायोड वापरले जात. शूजी नाकामुरा यांच्या गॅलियम नायट्राइडावरील संशोधनातून जांभळे व निळे डायोड निर्माण झाले. या सर्व डायोडांची कवचे साधारणपणे ५·६ किंवा ९ मिमी. व्यासाच्या धातूच्या लहान डब्या असतात व त्यांत शक्ती ट्रँझिस्टराचाच वारसा दिसतो. काही प्रकारांत कवच धनाग्राला जोडलेले असते, काहींत ऋणाग्राला, तर काहींत ते दोन्हींपासून अलग असते. बाहेरून पाहून हा फरक ओळखता येत नाही.

हौशी रचना : घरी लेसर बनविण्याची परंपरा डायोडापूर्वीची आहे. अमेरिकेतील सायंटिफिक अमेरिकन या मासिकाच्या हौशी वैज्ञानिकांसाठीच्या सदरात १९६४ मध्ये हीलियम-निऑन लेसर घरी बनविण्याची कृती प्रसिद्ध झाली होती. त्या काळच्या वायुलेसरांना हजारो व्होल्ट लागत. हवेत सु. ३,००० व्होल्टला एक मिमी. अंतर ओलांडता येत असल्याने तेथे प्रश्न अंतराचा होता व धोका सर्वांना ठाऊक असे. डायोडाला दोन ते पाच व्होल्टच लागतात. इतका दाब केसाएवढे अंतरही ओलांडू शकत नाही. त्यामुळे निरोधनाची चिंता संपली असा समज होतो, परंतु प्रश्न केवळ बदललेला असतो. येथे वीज अंतर ओलांडून जात नाही, तर डाखाचा कण, तारेचा सुटा धागा किंवा कातकामात राहिलेली धातूची कोर ते अंतर सांधते. कमी दाबाच्या निरोधनाला जाडी नव्हे, खात्री लागते.

अशा रचनेत बहुधा विजेरीसारखी ॲल्युमिनियमची नळी, तीत लिथियम-आयन घट, तांब्याचा किंवा पितळेचा उष्णताशोषक ठोकळा, त्यात दाबून बसविलेला डायोड व ठोकळ्याच्या पाठीशी चालक फलक अशी मांडणी असते. नळी हीच घटाच्या ऋण टोकाची परतीची वाट असते. म्हणजे उष्णतेसाठी डायोडाचे कवच ज्या ठोकळ्याशी व ठोकळा ज्या नळीशी घट्ट जोडावयाचा, ती नळी आधीच मंडलाचा एक भाग असते.

संक्षेपाचे प्रकार व परिणाम : प्रवाह नियंत्रित करणारे मंडल एका लहान रोधकावरील दाब मोजून प्रवाहाचा अंदाज घेते. संक्षेपाचा खरा धोका या रोधकाशी निगडित आहे.

(१) पुष्कळ चालकांत हा रोधक डायोडाचे ऋणाग्र व घटाचे ऋण टोक यांच्यामध्ये असतो. डायोडाचे कवच ऋणाग्राला जोडलेले असून ठोकळा नळीला टेकला, तर प्रवाह रोधकाला वळसा घालून जातो. मंडलास प्रवाह शून्य असल्याचे भासते व ते तो वाढवीत जाते. दोन्ही बिंदू ‘ऋण’ असल्याने ते जोडण्यास हरकत नाही, या समजुतीने हा दोष हमखास घडतो.

(२) हौशी प्रयोगांत एलएम ३१७ हे संकलित मंडल पूर्वीपासून लोकप्रिय आहे. त्यात प्रवाह म्हणजे १·२५ भागिले रोधकाचे ओहम असे साधे समीकरण असते. उदा., ३०० मिलिअँपिअरसाठी सु. ४·२ ओहम रोधक लागतो. या मंडलाची धातूची पाठ त्याच्या प्रदान अग्राशी जोडलेली असते. ती ठोकळ्याला लागली व डायोडाचे कवच धनाग्राशी जोडलेले असले, तर रोधक पूर्णपणे टाळला जातो व मंडलाच्या स्वतःच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे एक अँपिअरहूनही अधिक, प्रवाह डायोडातून जाऊ शकतो.

(३) संक्षेप अधूनमधून होणारा असल्यास अधिक घातक ठरतो. संपर्क तुटून डायोड क्षणभर मंडलाबाहेर गेला की प्रदान बाजूचे धारित्र पूर्ण दाबापर्यंत भारित होते व पुन्हा संपर्क होताच तो भार डायोडात एकदम रिता होतो.

(४) घटाच्या दोन टोकांमध्येच संक्षेप झाला तर डायोड वाचेल, पण लिथियम-आयन घटाचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने कित्येक अँपिअर प्रवाह वाहून घट तापतो व आग लागण्याचा संभव असतो.

डायोडातील प्रकाश निर्माण करणाऱ्या पोकळीची टोके आरशासारखी गुळगुळीत असतात. प्रवाह मर्यादेबाहेर जाताच प्रकाशाच्या तीव्रतेने ही पृष्ठे वितळतात. यास एक मायक्रोसेकंदापेक्षाही कमी वेळ पुरतो. त्यामुळे वितळतार किंवा माणसाचा हात डायोडाला वाचवू शकत नाही. असा डायोड नंतरही मंद उजेड देतो, पण तो लेसर राहत नाही.

उपाय : प्रथम डायोडाच्या कवचाचा संबंध कोणत्या अग्राशी आहे हे माहितीपत्रकावरून व बहुमापकाने निश्चित करतात. त्यानंतर चालकाची कोणती टोके अंतर्गत जोडलेली आहेत हे पाहून ठोकळा व नळी यांचा संपर्क चालेल की नाही हे ठरवितात. डायोडाचे कवच दोन्ही अग्रांपासून अलग असेल तर निरोधन फक्त फलकाचे व तारांचे करावे लागते.

फलकाच्या पाठीवरील तारांची टोके छाटून सपाट करतात व त्याखाली पॉलिइमाइडाची फीत, अभ्रक किंवा ॲल्युमिनाची चकती देतात. या थराने उष्णता किती अडते हे साध्या गणिताने कळते. १२ मिमी. व्यासाच्या पृष्ठातून ३ वॉट उष्णता जात असल्यास ०·०२५ मिमी. जाडीच्या पॉलिइमाइडामुळे तापमानात सु. ५° ते ६° से. फरक पडतो, तर ०·६ मिमी. जाडीच्या ॲल्युमिनामुळे एक अंशाहूनही कमी पडतो. पॉलिइमाइडापेक्षा ॲल्युमिना कित्येक पट जाड असूनही सरस ठरते, कारण तिची उष्णता संवाहकता सु. दोनशेपट आहे. चांदीचे कण असलेले लुकण फलकाखाली वापरीत नाहीत. जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमाच्या ऑक्साइडाचे लुकण विद्युतदृष्ट्या निर्धोक असते, पण दाबल्यावर त्याचा थर कोठे नाहीसा होईल याचा नेम नसल्याने केवळ लुकणावर विसंबून राहत नाहीत.

ॲल्युमिनियमावरील धनाग्रीकरणाचा थरही निरोधक असतो. १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये बेंगफ व स्ट्यूअर्ट यांनी या प्रक्रियेचा औद्योगिक उपयोग सुरू केला तो गंजरोधासाठी. काही मायक्रोमीटर जाडीचा हा थर आट्यांच्या कडांवर व स्क्रूखाली सहज खरवडला जातो. त्यावर भिस्त ठेवणे म्हणजे स्टर्जन यांच्या रोगणाकडे परत जाणे होय. याउलट प्रत्येक तारेवर व जोडावर आकुंचन पावणारी नळी चढविणे हा हेन्री यांचा मार्ग अधिक खात्रीचा आहे. ठोकळ्यातील ज्या छिद्रातून तारा जातात त्याची कड कानसीने गोल करतात, नाहीतर आवरण पिळून बसविताना तीच कड तारेचे वेष्टन कापते.

डायोड जोडण्यापूर्वी त्याच्या जागी साध्या सिलिकॉन डायोडांची माळ व एक ओहमचा रोधक असा कृत्रिम भार लावतात. तांबड्या डायोडासाठी माळेत तीन-चार व निळ्यासाठी सु. सहा डायोड पुरतात. एक ओहमवर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर, हे वाचन सोपे असते. फलक नळीत बसवून, झाकण पिळून व नळी हलवून हे वाचन पुन्हा घेतात. वाचन बदलले तर कोठेतरी संपर्क होत आहे असे समजावे. मग घट काढून, धारित्र रिते करून डायोडाची डाखजोडणी करतात आणि शेवटी ठोकळा, नळी व अग्रे यांमधील रोध पुन्हा मोजल्यावरच लुकण लावतात.

निरोधनाचा संबंध केवळ डायोडाच्या किंमतीशी नाही. संक्षेपाने कळ टाळली गेली, तर हातातील लेसर कळ न दाबताही पेटू शकतो किंवा ठरविल्याहून अधिक शक्तीने चालू शकतो. पाच मिलिवॉटहून अधिक शक्तीचे किरण ३ ब वर्गात व ५०० मिलिवॉटहून अधिक शक्तीचे चौथ्या वर्गात मोडतात व ते डोळ्याच्या पडद्यास क्षणार्धात कायमची इजा करतात. म्हणून तरंगलांबीस अनुरूप संरक्षक चष्मा अंतिम चाचणीपूर्वीच, म्हणजे पहिल्यांदा घट घालतानाच, डोळ्यांवर असावा लागतो. डायोड नवा मिळतो. डोळ्याच्या पडद्याला झालेली इजा भरून येत नाही.